गादीवरचा शब्द

“अण्णा, या गावात कीर्तन नको.”

वन्संनी हे म्हटलं तेव्हा मामंजींनी अजून पायसुद्धा धुतले नव्हते. एसटीतून उतरून आम्ही नुकते बंगल्याच्या मागच्या ओट्यावर टेकलो होतो. मी पेटी भिंतीला लावत होते, मामंजी उपरण्यानं मान पुसत होते.

“आधी पाणी तरी दे,” मामंजी म्हणाले. “आरोपीलासुद्धा पाणी देतात म्हणे तुमच्याकडं.”

वन्सं हसल्या नाहीत. आत जाऊन तांब्या आणला, त्यांच्या पायावर स्वतः पाणी घातलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या, “पाणी घ्या, जेवा, चार दिवस राहा. पण नागेश्वराच्या देवळात उभे राहू नका.”

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, शरयू आठल्ये. त्या वेळी तिथं त्या जिल्हा न्यायाधीश होत्या. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांची नातवंडं अजून तिथं नांदतात. आसपासच्या तीन जिल्ह्यांत त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई म्हणजे आमच्या वन्सं. सुरुवातीला लोक नुसतं बघायला म्हणून कोर्टात येऊन बसत, जत्रेत काही नवं आलं की जमतात तसे. म्हाताऱ्या वकिलांना कळेना हाक काय मारावी. शेवटी सगळे ‘साहेब’ म्हणू लागले आणि तेच टिकलं. इंग्रजांनी बांधलेल्या त्या मोठ्या दगडी इमारतीत साहेबांसाठी सगळं होतं, बायकांसाठी मोरी मात्र नव्हती. म्हणून वन्सं दुपारच्या सुटीत चालत बंगल्यावर येत आणि चालत परत जात. त्याबद्दल त्यांनी कधी कुणाकडं तक्रार केली नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाल्या, “मोरी मागितली की म्हणतील, बघा, बाईला बसवलं आणि खर्च सुरू झाला.”

मामंजी, म्हणजे वन्संचे वडील, गोविंदबुवा आठल्ये. नारदीय कीर्तनकार. त्यांच्या मागे पेटीवर मी असे. लग्न होऊन आले तेव्हा मला जरा सूर धरता येत होता. मामंजींनी ते पहिल्याच मंगळागौरीला ओळखलं आणि पुढं वीस वर्षं सोडलं नाही. शेजारणी म्हणत, “आठल्यांची सून भांडी कमी घासते नि पेटी जास्त.” म्हणोत बापड्या. मामंजी निरूपणाला उभे राहिले, पहिल्या नमनाचा सूर लागला, की माझ्या अंगावर काटा यायचा. आजही कुठं कीर्तन असलं की गुडघे दुखत असले तरी मी जाते. देव कुठं भेटत असेल तर तो तिथं, टाळ आणि बुक्क्याच्या वासात, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

“नको का ते तरी सांग,” मामंजी म्हणाले.

“देवळाच्या ट्रस्टचा दावा माझ्यापुढं आहे. अपील ऐकून झालंय. निकाल द्यायचाय, येत्या सोमवारी.”

“दाव्याचं नाव काढणार नाही मी.”

“तुम्ही नाही काढलंत तरी…”

“बिदागी घेणार नाही. त्यांच्या घरचं पाणी पिणार नाही. देवळाचा विषय काढणार नाही.”

“देवळात उभं राहून?” वन्संच्या ओठांच्या कडेला पहिल्यांदा जरासं हसू आलं. ते विरलं आणि त्या म्हणाल्या, “निकाल लागू दे. मग पुढच्या वर्षी करा. मी स्वतः पुढं येऊन बसेन.”

मामंजींनी उपरणं बाजूला ठेवलं. मग गळ्याला हात लावून म्हणाले, “पुढच्या वर्षी हा असेल?”

गळा खरंच गेला होता. वरचा षड्ज लावताना ते डोळे मिटून घेत आणि मी पेटीचा आवाज वाढवून झाकून घेई. आम्हा दोघांचं ते गुपित होतं. पण त्यांचा हट्ट गळ्यासाठी नव्हता हे मला ठाऊक होतं, आणि वन्संनाही.

फार जुनी गोष्ट. वन्सं तेव्हा पुण्याला वकिली शिकत होत्या आणि सुटीत घरी आल्या होत्या. रामनवमीचं कीर्तन. पूर्वरंगात मामंजींना लोक हसवायची लहर आली. म्हणाले, “आमची लेक कायदा शिकत्ये. उद्या हिच्या हातची भाकरी करपली आणि नवरा बोलला, की लगेच फिर्याद! आणि निकाल लागेपर्यंत बिचारा उपाशी!” सगळं देऊळ हसलं. बायकांच्या बाजूला वन्सं बसल्या होत्या. त्या उठल्या, चपला घातल्या आणि घरी गेल्या. विनोद काही घरी गेला नाही, तो गावोगाव फिरला आणि स्थळं यायच्या आत त्यांच्या घरी पोचला. वन्संचं लग्न झालं नाही. वडिलांशी त्या कधी वाईट बोलल्या नाहीत, औषधपाणी, सणवार काही चुकवलं नाही. फक्त त्यांच्या कीर्तनाला त्यानंतर कधी बसल्या नाहीत.

मामंजींना ते सलत होतं. मी एकदा म्हटलं, “मग त्यांना तसं सांगा ना. घरात, दोघंच असताना.” तर म्हणाले, “सूनबाई, माजघरात सांगून काय होतं? गादीवर बोललेलं गादीवरच फेडावं लागतं.” नारदांची गादी म्हणजे त्यांच्या लेखी साक्षात देवाचं तोंड. तिथं उच्चारलेला शब्द हवेत विरत नाही, तो फळतो किंवा छळतो, अशी त्यांची श्रद्धा होती. माझीही होती. आमच्या सगळ्याच लोकांची होती.

म्हणून ट्रस्टचे अध्यक्ष दादासाहेब पाटणकर महाशिवरात्रीच्या उत्सवाचा नारळ घेऊन घरी आले आणि म्हणाले, “लेकीच्या गावात बुवांचं कीर्तन नाही, ही गोष्ट आम्हांला शोभत नाही,” तेव्हा मामंजींचे डोळे भरून आले. नारळ घेताना दाव्याचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दादासाहेबांना नव्हतं असं कसं म्हणू? ते काय मनात धरून आले होते ते नागेश्वरालाच माहीत.

वन्संनी शेवटी हात टेकले. “मी येणार नाही, अण्णा. आणि दाव्यातलं एक अक्षरही नको.”

“नाही म्हटलं ना. गादीची शपथ.”

*

महाशिवरात्रीची कोर्टाला सुटी होती, कीर्तन तिसऱ्या प्रहरी होतं. सकाळी मी पेटी ठेवायला देवळात गेले. गाभाऱ्यात एक बाई पिंडी धूत होती. पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळं, ओचा खोचलेला. घासता घासता देवाशीच बोलत होती, “जरा मान इकडं कर की. कानामागं भस्म राहिलंय.”

“पिंडीला कान असतो का हो?” मी विचारलं.

ती दचकली, मग हसली. “आपण मानला की असतोय. तुमी बुवांच्या सूनबाई न्हवं? मी गोदा. गुरवीण.”

म्हणजे हीच ती. तिचा नवरा त्या देवाचा गुरव होता. तो गेला, पोटी तीन मुलीच. ट्रस्ट म्हणालं, बाईच्या हातची पूजा शास्त्राला धरून नाही. सेवा सोड, देवळामागची खोली सोड. खालच्या कोर्टात ती हरली होती आणि वन्संच्या कोर्टात अपिलात आली होती. हे सगळं गाव जाणत होतं, आदल्या दिवशी भाजीवालीनं मला न विचारता सांगितलं होतं.

“निकाल सोमवारी हाय,” गोदाबाई म्हणाली.

“बाई, माझ्याशी ते काही बोलू नका हो.”

“न्हाई बोलत.” तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि लगेच काढलं. “एवढंच म्हनते, सायबांवर माझा देवाइतका भरवसा हाय. वकील समजावून सांगत हुता, त्या बाई हायत म्हनून तुजं काम हुईल आसं धरून चालू नको. मी म्हनलं, बाई म्हनून न्हवं रं. कोर्टात मी बोलत हुते तवा त्या माझ्याकडं बघत हुत्या. खालच्या कोर्टात सायेब घड्याळाकडं बघायचे.”

मी पेटीवर फडकं टाकलं. निघताना तिनं माझ्या हातावर बेलाची तीन पानं ठेवली.

“बुवांचं कीर्तन मी ऐकनार. मागं, खांबाजवळ. मोठ्या मानसाचा शब्द कानावर पडला की बरं वाटतंय.”

*

देऊळ भरलं होतं. बाहेर पारावरही माणसं होती. पिंपळाला कर्णा बांधला होता आणि त्याचं तोंड नेमकं ओढ्यापलीकडं, न्यायाधीशांच्या बंगल्याकडं. तो तसा मुद्दाम बांधला होता की त्या फांदीला तेवढीच जागा होती, कोण जाणे.

मामंजींना त्या दिवशी गळ्यानं साथ दिली. मला पेटी वाढवावी लागली नाही. अहंकारावर निरूपण होतं. बोलता बोलता ते थांबले. हातातल्या चिपळ्या खाली केल्या. मला वाटलं, दम लागला.

“मंडळी,” ते म्हणाले, “अहंकाराचा दाखला मी परक्याचा देत असतो. आज घरचा देतो. पस्तीस वर्षांमागं याच गादीवरून मी माझ्या पोटच्या पोरीची थट्टा केली. का? तर ती शिकत होती आणि मला भीती वाटत होती, की ती माझ्याहून मोठी होईल. लोक हसले, मला गोड वाटलं. ती उठून गेली. आज तुमच्या गावात ती न्याय देते. मी देवाची नुसती गोष्ट सांगतो, मंडळी, ती देवाचं काम करते. बापानं लेकीच्या पाया पडायची आपल्यात रीत नाही, म्हणून गादीला डोकं टेकून सांगतो. शरयू, मी चुकलो.”

आणि ते खरंच गुडघ्यावर बसले आणि गादीला डोकं टेकलं.

बायकांच्या बाजूला हुंदके ऐकू येत होते. मला पेटीच्या पट्ट्या दिसेनात. कर्ण्यातून ते शब्द ओढ्यापलीकडं गेले असतील, वन्संच्या खिडकीत पोचले असतील, एवढंच मनात येत होतं. मी त्या क्षणी देवाला म्हटलं, आता मला काही मागायचं नाही.

मग नामाचा गजर झाला. पूर्वरंग संपला, उत्तररंगाला वेळ होता. अशा वेळी यजमानानं पुढं येऊन बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा, वाकून नमस्कार करायचा आणि बुवांनी आशीर्वाद द्यायचा, ही रीत. यजमान ट्रस्ट, म्हणून दादासाहेब पाटणकर उठले. जरीचा फेटा, हातात झेंडूचा जाड हार. हार घातला, बुक्का लावला, वाकले. मामंजींनी नेहमीप्रमाणं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीप्रमाणं म्हणाले, “विजयी व्हा.”

ते सगळ्यांनाच ‘विजयी व्हा’ म्हणत. परीक्षेला निघालेल्या पोराला, माहेराहून निघालेल्या लेकीला, एकदा तर घरी दूध घालणाऱ्या गवळ्याला. ते दोन शब्द त्यांच्या तोंडून श्वासासारखे येत.

कर्ण्यातून ते सगळ्या गावानं ऐकले.

 कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि पुरुषांच्या बाजूनं एकदम गलका उठला, “नागेश्वर महाराज की जय!” दादासाहेब वळून लोकांना हात जोडत होते. मामंजींच्या लक्षातही आलं नाही. ते उपरणं सारखं करत उत्तररंगाचा सूर मागत होते. मी सूर दिला आणि खांबाकडं पाहिलं.

गोदाबाई तिथं नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं रोजच्यासारख्या चालत घरी आल्या. हातपाय धुतले, पानावर बसल्या. मामंजी समोरच होते. सकाळपासून दोघांची नजरानजर झाली नव्हती. दोघंही लाजत होते, मला वाटतं. मी वरण वाढत होते.

“अर्ज आला,” वन्सं म्हणाल्या.

“कसला?”

“या न्यायाधीशांपुढं आपल्याला न्याय मिळेल असं वाटत नाही, अपील दुसऱ्या कोर्टाकडं द्यावं.”

मामंजींचा घास हातातच राहिला. “ट्रस्टचा?”

“गोदाबाईंचा.”

मग त्यांना कळलं. चेहरा हळूहळू कसा उतरत गेला ते मी पाहिलं. “अगं, पण मी सगळ्यांनाच म्हणतो! सूनबाई, सांग हिला. सगळ्यांना म्हणतो की नाही? गवळ्यालासुद्धा!”

“मला माहीत आहे, अण्णा.”

“मग मी येतो कोर्टात. शपथेवर सांगतो. तू मला पिंजऱ्यात उभं कर.”

“कोर्ट असं चालत नाही.” वन्संचा आवाज अगदी मऊ होता. “पक्षकाराच्या मनात शंका आली, आणि ती यायला कारण आहे, की झालं. ती खरी का खोटी हे बघत बसायचं नसतं. मी दावा सोडलाय.”

“माझ्यामुळं.”

“वरण घ्या,” वन्सं म्हणाल्या.

मला राहवलं नाही. भांडी तशीच टाकून मी देवळामागं गेले. गोदाबाई खोलीच्या दारात वाती वळत बसली होती. मला बघून उठली, पण बसा म्हणाली नाही.

“बाई, बुवा सगळ्यांनाच तसं म्हणतात हो. उद्या तुम्ही वाकलात तर तुम्हांलाही तेच म्हणतील.”

“पन वाकले ते दादासायेब,” ती म्हणाली.

“त्यात काही नसतं. नुसती रीत.”

“सूनबाई, तुमी बुवांच्या घरात राहून आसं म्हनता? गादीवरचा शब्द नुसती रीत?”

मी तिच्या वातींकडं पाहिलं.

“वकील नको म्हनत हुता,” ती पुढं म्हणाली. “म्हनला, सायेब तसल्या न्हाईत, अर्ज टाकू नकोस. मीच हट्टानं टाकायला लावला. सायबांचा मला राग न्हाई. पन आदी त्या लेक हायत. एवढ्या लोकांत बाप गादीला डोकं टेकून चूक कबूल करतोय, आन मग त्याच तोंडानं एकाला विजयी व्हा म्हनतोय. सांगा मला, लेकीनं बापाचा शब्द मोडावा व्हय?” तिनं वात जमिनीवर ठेवली. “मी तरी न्हाई मोडला आसता.”

मी परत आले. घरी काही सांगितलं नाही. काय सांगायचं? तिच्या जागी मी असते तर मीही तोच अर्ज दिला असता.

*

दुसऱ्या कोर्टानं पावसाळ्याआधी निकाल दिला. गोदाबाईचं अपील फेटाळलं. पुढं मुंबईला हायकोर्टात जायला तिच्याकडं ना माणूस होतं ना बळ. तिनं खोली सोडली, एका मुलीच्या सासरी गेली, तिथंही फार दिवस राहिली नाही असं ऐकलं. त्या गावात मात्र लोक म्हणत, बघा, गादीचा शब्द खोटा होत नाही. दादासाहेब शाल घेऊन पुन्हा आमच्या घरी आले होते. मामंजी बाहेरच आले नाहीत. आतून म्हणाले, “सांग, बुवा झोपलेत.” भर सकाळी.

त्यानंतर ते गादीवर उभे राहिले नाहीत. टाळ ऐकू आले की खिडकी लावून घेत. खाणं कमी झालं. ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, डॉक्टर केले, काढे केले. “म्हातारपण आहे,” डॉक्टर म्हणाले. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

वन्सं दिवाळीच्या सुटीत आल्या. मामंजी पलंगावर टेकून बसले होते. वन्सं त्यांच्या पायाशी. मी दारात लसूण सोलत होते.

“शरयू,” मामंजी म्हणाले, “एक विचारू? तू खरं सांगशील. तू खोटं बोलत नाहीस.”

“विचारा.”

“तो दावा तुझ्याकडंच राहिला असता, तर त्या बाईचं काय झालं असतं?”

वन्संनी खिडकीबाहेर पाहिलं. फार वेळ नाही. एखादा साक्षीदार उत्तर देण्याआधी आवंढा गिळतो तेवढाच.

“हरली असती, अण्णा. माझाही निकाल ट्रस्टच्याच बाजूचा होता.”

मामंजींनी डोळे मिटले. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरताना मी अक्षरशः पाहिलं. खांदे खाली आले, हाताची मूठ सुटली. “म्हणजे माझ्या शब्दानं काही बिघडलं नाही.”

“काही नाही. कायदाच तसा होता.”

मलाही बरं वाटलं. देवा, सुटलो, असं मनात म्हणेपर्यंत मामंजींनी डोळे उघडले. ते वन्संकडं बघत होते, आणि त्या नजरेत मला आधी कधीही न दिसलेलं काहीतरी होतं.

“म्हणजे त्या अनाथ बाईला तूच रस्त्यावर काढणार होतीस.”

वन्सं त्यांच्या पायांकडं बघत राहिल्या.

“मी कधी कायदा वाचला नाही. पण देवाची पूजा बाईच्या हातून चालत नाही, असं माझ्यासारख्या म्हाताऱ्या कीर्तनकारालासुद्धा म्हणवलं नसतं. तू म्हणणार होतीस. बाई असून.” त्यांनी पाय जवळ ओढून घेतले. “ज्या खुर्चीसाठी एवढं सोसलंस, ती याच्यासाठी? आणि मी गादीवरून सांगून बसलो, ती देवाचं काम करते.”

वन्सं उठल्या. त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि परसात गेल्या. मी मागोमाग गेले. राग मलाही आला होता. गोदाबाईनं हातावर ठेवलेली ती बेलाची पानं आठवत होती.

“वन्सं, तुम्ही असं करणार होतात? तुम्ही?”

त्या विहिरीच्या काठाला हात टेकून उभ्या होत्या. “गोदाबाई जिंकली होती, वहिनी.”

मला कळेना.

“टायपिस्टला निकाल सांगून झाला होता, टाइप होऊन आला होता. फक्त सोमवारी वाचायचा होता. बाईला पूजेचा वारसा आहे, असं पहिल्यांदा कुणीतरी इथं म्हणणार होतं. वाचेपर्यंत निकाल हा निकाल नसतो. तिनं अर्ज दिला तेव्हा तो माझ्या टेबलावर होता. ती समोर उभी होती, खाली मान घालून. तिला नुसतं ‘थांब’ म्हणायची मला सोय नव्हती.”

“आणि… कीर्तन तुम्ही ऐकलं होतंत?”

“सगळं. खिडकीत उभी राहून.” त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. “पस्तीस वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते ऐकले. नीट रडूनसुद्धा झालं नव्हतं, तोवर पुढचे दोन आले.”

“मग आत्ता खरं का नाही सांगितलंत? ते तुम्हांला काय काय बोलले!”

“खरं सांगितलं तर काय होईल? आयुष्यभर ज्या गादीला जपलं, तिथल्या त्यांच्या एका शब्दानं एक निरपराध बाई देशोधडीला लागली. हे उशाशी घेऊन मरायचं त्यांनी?” त्या माझ्याकडं वळल्या. “दोघांपैकी एकाला दोषी ठरवायचं होतं. मी ठरवलं.”

“पण त्यांना वाटतंय तुम्ही…”

“वाटू दे. निकाल झाला, वहिनी. आता यावर अपील नाही. आणि तू मध्ये पडायचं नाहीस.”

मी पडले नाही. आज दोघंही नाहीत, गोदाबाईही नसेल, म्हणून लिहिते आहे.

वन्संचं नाव हायकोर्टासाठी वर गेलं होतं असं म्हणत. ते वरच कुठंतरी राहिलं. कुणी म्हणालं, मंदिराच्या दाव्यात वडिलांचं काहीतरी होतं ना, ते आडवं आलं. वन्सं जिल्हा न्यायाधीश म्हणूनच निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर त्या गावात पुन्हा बाई यायला किती काळ गेला, मी मोजला नाही.

मामंजी पुढच्या पौषात गेले. शेवटच्या आजारात वन्सं रजा काढून येऊन राहिल्या होत्या. त्यांचं सगळं त्याच करत, मला हात लावू देत नसत. मामंजी करून घेत. औषध घेत, कूस बदलून घेत, पण बोलत नसत. एकदा पंचक्रोशीतले दोन जुने श्रोते भेटायला आले. त्यातले एक म्हणाले, “बुवा, भाग्यवान आहात. साक्षात न्यायाधीश लेक सेवेला आहे.”

मामंजींनी छताकडं पाहिलं.

“न्यायाधीश आहे खरी,” ते म्हणाले. “न्यायाचं काही मला सांगता येत नाही.”

वन्सं उशाशी उभ्या राहून चमच्यात औषध ओतत होत्या.  चमचा भरला, तेव्हा वाकून त्या म्हणाल्या, “अण्णा, तोंड उघडा.”

त्यांनी उघडलं.